उंबराखालचं पाणी

सन एकोणीसशे पासष्ट. मला तेविसावं चालू होतं, आणि पाणी कुठं आहे ते मला कळतं अशी पोशीरपासून कळंबपर्यंत माझी ख्याती होती. शाळा माझी तिसरीत सुटली. त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. सातवी शिकलेले लोक विहीर खणायची झाली की माझ्याच ओट्यावर येऊन बसत. ही बढाई आहे, पण खरी आहे. या प्रकरणात पुढं बढाईला जागा नाही, म्हणून ती आधीच उरकून घेतली.

पाण्याचा हात आमच्या घरात आज्यापासूनचा. आजा पानाड्या होता. म्हणजे जमिनीखालचं पाणी शोधून देणारा. जांभळीची हिरवी बेचकी काठी घ्यायची, दोन टोकं दोन मुठींत धरायची आणि अनवाणी, उपाशीपोटी, दव वाळायच्या आत रानात फिरायचं. पाण्याची शीर पायाखाली आली की काठीचं तोंड आपणहून खाली ओढलं जातं. माझा नातू म्हणतो, आजोबा, हे शास्त्रात बसत नाही. नसेल बसत. शास्त्राला विचारून मी काठी धरली नव्हती. आज्यानं मला हात दिला तेव्हा तीन गोष्टी सांगितल्या. पैसा घ्यायचा नाही, नारळ घ्यायचा. खणायला पहिला घाव पानाड्यानं घालायचा. आणि पाणी लागेपर्यंत त्या वस्तीतलं पाणी पानाड्यानं तोंडाला लावायचं नाही. ‘तू त्यांना पाणी दिलं नाहीस, मंग त्यांचं तुला कसं चालंल?’ असं तो म्हणायचा. चौथी एक गोष्ट होती, ती त्यानं सांगितली नाही. सांगावी लागेल असं त्याला वाटलंच नसेल.

घरात आय आणि मी. बाप मी लहान असतानाच गेला. भिंतीला भिंत लावून माझा चुलता, नाना. घरामागं चढ लागतो, तिथं आमचा झरा होता. आज्यानं ताडाचं खोड कोरून त्याची पन्हळ केली होती. झऱ्याचं पाणी त्या पन्हळीतून खालच्या दगडी डोणीत पडायचं आणि तिथून पाट भाजीत जायचा. उन्हाळ्यात सगळं शिवार करपलेलं असताना आमची तेवढी दोन वाफं हिरवी. कारली, वांगी, मिरची, काकडी. डोक्यावर पाट्या घेऊन नेरळला न्यायची आणि तिथून ती माथेरानच्या हॉटेलांत चढायची. पण मला भाजीपेक्षा त्या पन्हळीचा आवाजच जास्त आठवतो. मी जन्मलो तो त्या आवाजात. आय तांदळाची भाकरी थापायची त्या थापांच्या मधे मधे तो यायचा, चुलीवर सुकट-कैरी रटरटत असायची त्याच्याखाली तो असायचा. घरात भांडण झालं आणि कुणी कुणाशी बोलेना झालं, तरी घर गप्प व्हायचं नाही. आता तो आवाज नाही. झरा गेला, आणि तो कुणी घालवला ते पुढं येईलच.

आमच्या वर, अर्ध्या डोंगरात, ठाकूरवाडी. तिथं फादर इनास राहायला आला. वसईकडचा माणूस, मराठीच बोलणारा. पांढरा झगा कमरेशी खोचलेला, पायात टायरच्या चपला. उंचीनं बेताचा, पण पंजे कुळवाड्याचे. वाडीच्या टोकाला त्यानं कुडाची खोली बांधली. गावात एकच बोलणं. नाना पान लावता लावता म्हणायचा, “आधी औषध देईल. मंग पाटी-पेन्सिल देईल. आन एक दिवस बघशील, समद्यांच्या गळ्यात क्रूस.” माझंही तेच मत होतं. म्हणून एके दिवशी सकाळी तो आमच्या भाजीच्या बांधावर येऊन उभा राहिला, तेव्हा मी त्याला ‘या’ म्हटलं नाही.

“कारली तुझी?” त्यानं विचारलं.

“मंग कुणाची?”

“मांडव बुटका बांधलायस. खाली वारा खेळत नाही. म्हणून माशी बसते आणि कारलं वाकडं होतं.”

मी म्हटलं, “फादर, तुमी देवाचं बघा. कारल्याचं मी बघतो.”

“देव त्याचं त्याचं बघून घेतो रे,” तो म्हणाला. “कारल्याला कोणी नाही.” आणि हसत चढावर गेला.

मला राग आला. तो वळणाआड होईपर्यंत मी मांडवाला हात लावला नाही. मग बांबू तोडून आणले आणि मांडव हातभर उचलला. त्या साली कारली सरळ आली. तो येता-जाता ती बघायचा, पण ‘मी म्हटलं नव्हतं?’ असं एकदाही बोलला नाही. मीच कधीतरी त्याला बांधावर बसवलं. तेव्हा कळलं, त्याचा बाप वसईला वाडीवाला, पानवेल आणि केळीचा. हा सात भावंडांतला पाचवा, रहाटाच्या कुरकुरीत वाढलेला. मी विचारलं, “मंग वाडी सोडून हे कशाला?” तो म्हणाला, “वाडीला माझे भाऊ होते.” एवढंच. पुढच्या खेपेला गावाकडनं येताना त्यानं वांग्याचं बी आणलं, फडक्याच्या पुरचुंडीत. त्या बियाण्याची वांगी नेरळच्या बाजारात पाटी खाली ठेवायच्या आत जायची. आय त्याला ‘वांगीबाबा’ म्हणायला लागली. आमचा ओटा त्याच्या सवयीचा झाला.

वाडीवर तर तो सगळ्यांचाच झाला. जखमा धुवायचा, तापाच्या माणसाजवळ बसून राहायचा, संध्याकाळी खोलीसमोर मोठ्या बाप्यांना अक्षरं गिरवायला लावायचा. कुणाच्या गळ्यात क्रूस काही आला नाही. तो एकटाच पहाटे त्याची पूजा करायचा, कसल्यातरी परक्या भाषेत पुटपुटत. मग त्यांच्यात वरून काही हुकूम आला म्हणे, आणि त्याच वर्षी तो ती मराठीत करायला लागला. चांगू मला म्हणाला, “पानाड्या, फादरचा देव मराठी शिकला बघ. आता आपलंबी ऐकंल.”

चांगू ठाकूर माझ्याच वयाचा. लावणीला आमच्या शेतात यायचा, आणि चिखलात त्याच्याइतकी सरळ ओळ कुणाची पडायची नाही. माझा मित्र. पण जेवायला तो आमच्या ओट्यावर, पानावर. आत नाही. तेव्हा तसंच होतं म्हणून लोक सुटका करून घेतात. तसंच होतं, आणि मीही तसाच होतो.

वाडीला पाणी नव्हतं. शिमगा झाला की बायका नदीवर उतरायच्या, उतरायला अर्धा तास आणि भरल्या हंड्यानं चढायला त्याच्या दुप्पट. एके दिवशी फादर आणि चांगू ओट्यावर आले. फादरनं एक नारळ माझ्यापुढं ठेवला. रीत त्याला चांगूनं शिकवली असणार. म्हणाला, “शिवराम, वाडीला विहीर खणायची. माणसं वाडीची, हत्यारं मी आणतो. जागा तू दाखव. मी वसईत विहिरी पुष्कळ पाहिल्या, पण तिथं कुठंही खण, पाणी आहे. इथलं मला कळत नाही.”

नाना पलीकडच्या ओट्यावरून ऐकत होता. ते गेल्यावर म्हणाला, “दे, दे पाणी. वर पाणी झालं, वाडीनं उन्हाळी भाजी धरली, का मंग लावणीला खाली कोण उतरंल ते बघ. तूच उतर, चांगूच्या शेतात.” हे त्याचं बोलणं मी मुद्दाम लिहितो आणि मुद्दामच बाजूला ठेवतो. पुष्कळ वर्षं मी माझ्या मनात सगळं नानावर ढकललं. सोपं होतं, नाना मेला होता. पण मी जे केलं ते नानाच्या बोलण्यानं केलं नाही.

मी पहाटे उपाशी वर गेलो. सोबत फादर, चांगू आणि वाडीतले चार-सहा बाप्ये, माझ्या मागं दहा पावलं सोडून. वाडीच्या खालच्या अंगाला वळणावर एक जुना उंबर होता. त्याच्यापासून चार पावलांवर आलो आणि काठी ओढली गेली. अशी ओढली गेली की तिची ओली साल माझ्या मुठीत पिळून निघाली. आयुष्यात एवढी ओढ मला कधी लागली नव्हती. मी थांबलो. मान वर केली तर बरोबर खाली आमची वाफं. आय मिरचीला पाणी लावत होती. पन्हळीची धार उन्हात चकाकत होती. वरून खाली एक सरळ रेघ होती आणि ती कुणी सांगायला नको होती. इथं खणलं तर तिथलं जाणार.

“लागलं का?” मागून फादरनं विचारलं.

मला वाटतं मी दोन श्वास घेतले असतील. जास्त नाही. म्हटलं, “नाय. झाडाच्या मुळांची ओढ हाय ही. मोठं झाड पानाड्याला चकवतं.”

“असं असतं?”

“असतं.”

आपल्या मराठी बोलणाऱ्या देवावर ठेवावा तशा विश्वासानं तो मान हलवत राहिला. मी पुढं चालत गेलो. वाडीच्या पार वरच्या अंगाला, करवंदीच्या जाळीशी कातळ होता, तिथं पोचल्यावर मनगट जरा दाबलं आणि काठी खाली पाडली. मनगटानं पाडलेली काठी आणि पाण्यानं ओढलेली काठी बघणाऱ्याला सारखीच दिसते. लोकांनी हात जोडले. नारळ फुटला. पहिला घाव मीच घातला. चांगूच्या बायकोनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तर मी म्हटलं, “पाणी लागल्याबिगर नाय.” चांगू सगळ्यांकडं बघून म्हणाला, “बघा रं. पानाड्या नेमाचा हाय.”

त्यांनी दोन उन्हाळे खणलं. पहिल्या उन्हाळ्यात मुरूम संपून काळा दगड लागला. पावसात खड्डा भरला आणि मार्गशीर्षात कोरडा पडला, पावसाचंच पाणी ते. दुसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा सुरू. फादर झगा काढून ठेवायचा आणि लुंगी-बनियनवर खाली उतरायचा. त्याच्या तळव्यांना आधी फोड आले, मग त्यांचं चामडं झालं. मी आठ-पंधरा दिवसांनी वर जायचो, जावंच लागायचं. काठावर उभं राहून ‘अजून खाली हाय’ म्हणायचो. कुणी पाणी दिलं की नको म्हणायचो. उन्हात चढून गेलेला असायचो, जीभ टाळ्याला चिकटलेली, आणि नको म्हणायचो. माझ्या त्या नेमाचं वाडीत केवढं कौतुक! आज्याचा नियम मी जन्मात एवढा कडक कधी पाळला नव्हता. खरं असं, की त्या बायकांनी नदीवरनं आणलेलं पाणी माझ्या घशाखाली उतरलं नसतं. पण ते तेव्हा मी स्वतःलाही सांगितलं नाही. खाली आलो की सरळ पन्हळीखाली तोंड धरायचो.

एकदा फादर मला म्हणाला, “शिवराम, तू खचू नकोस. पाणी लागेल. तू म्हटलंस ना.”

मी खचत नव्हतो. मी त्या वर्षी मिरचीचा तिसरा वाफा धरला होता.

दुसऱ्या उन्हाळ्यात, चैत्रात, ते घडलं. दगडात भोक पाडायला एकानं छिन्नी धरायची आणि दुसऱ्यानं घण घालायचा, अशी जोडी. चांगूनं छिन्नी धरली होती. घण फादरच्या हातात होता. सकाळपासून त्याचा उपास होता, त्यांच्यातला कसला तो मोठा उपासाचा शुक्रवार. चांगूनं नंतर मला सांगितलं, “म्या म्हनलं, फादर, आज ऱ्हाऊद्या. तर म्हणला, हे एवढं एक भोक होऊंदे.” घण सटकला. चांगूच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. फादरनं स्वतःचा झगा फाडून बांधला आणि चांगूला पाठीवर घेऊन डोंगर उतरला, आमच्या घरावरून, नेरळच्या डॉक्टरकडं. मी वाफ्यात होतो. त्या झग्याच्या पट्टीतून थेंब पडत होते आणि फादर तोंडानं कसलीतरी प्रार्थना म्हणत होता. मी धावलो, दुसऱ्या बाजूनं हात दिला, नेरळपर्यंत गेलो. लोक म्हणाले, शिवा वेळेला उभा राहिला. हेही माझ्या नावावर जमा झालं.

खणणं थांबलं. पुढं पंधरा दिवस फादर चांगूच्या झोपडीसमोर नुसता बसायचा. चांगू त्याला हसवायचा प्रयत्न करायचा. “अवो फादर, लावणीला आठ बोटं पुष्कळ झाली. दोन जास्तीचीच व्हती.” फादर हसायचा नाही. मग त्याच्या वरच्यांकडून पत्र आलं, की तुला दुसरीकडं जायचं आहे. का, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. वाडीनं ताडलं. दोन वर्षं, एवढी मेहनत, एक माणूस अधू, आणि कोरडा खड्डा. कुणीही बोलावून घेतलंच असतं.

जायच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, तो आमच्या ओट्यावर आला. आयनं त्याच्याच वांग्याचं भरीत केलं होतं आणि भाकऱ्या. ‘आत या,’ म्हणाली ती, पहिल्यांदाच. तो आत येऊन चुलीशी बसला, पोटभर जेवला. मग हात धुवून माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, “शिवराम, एक बोलायचं राहिलंय. मी तुझी माफी मागायला आलोय.”

मी चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

“गावात लोक म्हणतात, शिवाचा हात गेला, शिवाची विहीर कोरडी निघाली. तुझ्या आज्याच्या नावाला बट्टा लागला. तो माझ्यामुळं. तू जागा बरोबरच दिली असशील. मी खणताना कुठं तरी एका बाजूला कललो असेन. किंवा नको तिथं थांबलो असेन. आणि चांगूचा हात...” त्यानं स्वतःचे तळवे उलटे करून बघितले. “मी हट्टी माणूस आहे रे. देवाचं काम म्हणून हट्ट केला. ते माझंच काम होतं. तू मनाला लावून घेऊ नकोस. जमलं तर मला माफ कर.”

मी त्याच्या पायाकडं बघत होतो. टायरच्या चपला त्यानं दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या होत्या, पाय अनवाणी होते, टाचांना भेगा. बोलायला फार काही लागलं नसतं. ‘फादर, पाणी उंबराखाली हाय’, एवढंच. पण माफी मागणाऱ्या माणसाला असं सांगायचं म्हणजे त्याच्याहून खाली वाकायचं, आणि मी कुणापुढं वाकणारा नव्हतो. ते मला तेव्हा पुरुषासारखं वाटायचं. मी म्हटलं, “तुमी काय माफी मागता फादर. ऱ्हाऊद्या.” म्हणजे मी माफ केलं! त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेला.

आय भांडी घासत होती. पाठ न वळवता म्हणाली, “त्या दिवशी उंबराशी काठी पडली व्हती तुझी.”

“कोण म्हणलं?”

“कोण कशाला म्हणंल? मी मिरचीला पाणी लावीत व्हते. खालनं समदं दिसतं.”

“दोन वर्षं बोलली का नायस मंग?”

तिनं तव्यावर आणखी राख घेतली. मग म्हणाली, “माझीबी मिरची व्हती ना ती.”

फादर इनास पुढं फार मोठा झाला. हे मला जसंजसं कळत गेलं तसंतसं मी कुणाला न दाखवता गोळा करत गेलो. कर्जत, खालापूर आणि त्याच्याही पलीकडच्या डोंगरवाड्यांत त्याचं नाव झालं. त्यानं माणसं उभी केली, त्यांची त्यांची पंचायत बसवली, जमिनीचे कागद हातात दिले. त्याच्या हाताखाली तरुण फादर तयार झाले, अडल्या-नडल्याला अधिकारीही त्याला विचारायला लागले. मी तीनदा पत्र लिहायला घेतलं. अक्षर वाईट आहे, हे कारण मी स्वतःला दिलं, आणि ते मी तिन्ही वेळा मानलं. तो वारला तेव्हा मी गेलो. देवळाबाहेर मांडव होता, तरी माणसं उन्हात उभी होती, निम्मी आपलीच, ठाकूर, कातकरी, कुळवाडी. मी मागं उभा राहिलो. एक तरुण फादर बोलायला उठला. म्हणाला, आम्हांला ते नेहमी त्यांच्या पहिल्या विहिरीची गोष्ट सांगत. ‘ती माझ्या हट्टानं कोरडी गेली आणि एका भावाचा हात मी मोडला,’ असं सांगत. त्या दिवसापासून, म्हणे, त्यांनी लोकांना विचारल्याशिवाय काही केलं नाही. माणसं डोळे पुसत होती. मांडवाबाहेर मी त्या तरुण फादरला गाठलं. बोलायलाच गेलो होतो. तर मी पानाड्या होतो असं कळल्यावर तोच उत्साहानं म्हणाला, “हो का? त्यांनी आम्हांला शिकवलं होतं. मोठ्या झाडाजवळ विहीर धरायची नाही, मुळांची ओढ चकवते. आम्ही अजून पाळतो.”

मी घरी आलो आणि तीन दिवस जेवलो नाही. एका माणसानं उभा जन्म न केलेल्या चुकीचं ओझं वाहिलं, त्यातून तो चांगला झाला म्हणावं तर म्हणावं, मला ते म्हणायचा अधिकार नाही. पण माझं ते खोटं, दोन श्वासांत सुचलेलं, तेवढं त्याच्याबरोबर गेलं नाही. ते मागं राहिलं, आणि कुठल्या कुठल्या वाडीत कुठल्या कुठल्या उंबराखालचं पाणी त्या खोट्यानं तसंच ठेवलं, ते मला माहीत नाही. काठी तर मी केव्हाच सोडली होती. लोकांना सांगायचो, संधिवात आहे.

आता फादर आमच्याकडं जेवून गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ तेवढी राहिली.

फादरला निरोप द्यायला अख्खी वाडी खाली फाट्यावर उतरली होती. नेरळला जाणारी एसटी तिथं थांबायची. नाना आणि गावातलेही पुष्कळ गेले होते. ज्यांनी त्याला शिव्या दिल्या तेही. मी आयला काही बोललो नाही. पन्हळीखाली हात-पाय धुतले, ओंजळभर प्यायलो, कुदळ खांद्यावर टाकली आणि उलट्या दिशेनं, चढाला लागलो. उंबराशी पोचलो तर चांगू तिथं दगडावर बसलेला, हाताला फडकं. तिथून खालचा फाटा दिसतो.

“तू नाय उतरलास?” मी म्हटलं.

“फादरनंच सांगितलं, उन्हात उतरू नको, ताप हाय. तू रं? आन कुदळ कशाला?”

“पहिला घाव घालायला.”

तो हसला. “हितं? काठी कुठाय तुझी?”

“काठी हितंच पडली व्हती, चांगू. त्याच दिवशी.”

त्याला समजायला वेळ लागला. आधी तो माझ्या तोंडाकडं बघत होता, मग उंबराकडं, मग खाली आमच्या हिरव्या वाफ्यांकडं. पन्हळीची धार चकाकत होती. सगळ्यात शेवटी त्यानं स्वतःच्या हाताकडं बघितलं.

“झाडानं चकवलं म्हणलावतास.”

“झाडानं नाय.”

तो मला मारील असं वाटलं, मारलं असतं तर बरं झालं असतं. तो उठला, दोन पावलं लांब जाऊन माझ्याकडं पाठ करून उभा राहिला. मग तसाच म्हणाला, “मला काय सांगतोस? बोटं काय परत येतील? त्याला सांग जा. माझ्या तोंडून त्याला हे कधी कळायचं नाय. त्यानं माझा हात मोडला असं घेऊन चाललाय तो. एसटी अजून आली नाय. पळत सुटलास तर गाठशील.”

गाठली असती. तेव्हा माझे पाय हरणाचे होते, तो उतार मी डोळे मिटून उतरायचो. खाली माणसांचा घोळका दिसत होता, मधे पांढरा ठिपका. नाना दिसत होता, गाव दिसत होतं. त्या सगळ्यांसमोर. लांबून एसटीचा हॉर्न ऐकू आला.

“जा ना रं,” चांगू म्हणाला. ओरडला नाही. विनवणी केल्यासारखं म्हणाला.

मी खोडापासून चार पावलं मोजली, वाळकी पानं पायानं बाजूला सारली, कुदळ उचलली आणि पहिला घाव घातला. खाली एसटी थांबली. पांढरा ठिपका तिच्यात चढला, दार लागलं. चांगू माझ्याकडं बघत नव्हता, रस्त्याकडं बघत होता. एसटी सुटली. मी दुसरा घाव घातला.